कागदावर न आलेली खूण

माझ्या मुलीला, बुशराला, वेळा टिपून ठेवायची सवय फार लहानपणी लागली. तिचे अब्बा, अयुब, दौंडला रेल्वेत नोकरीला होते आणि आमचं घर केडगाव स्टेशनपासून पाच मिनिटांवर. संध्याकाळी अब्बांची पॅसेंजर येईपर्यंत ही पोरगी ओट्यावर वही घेऊन बसायची. वहीत दोन रकाने. एकात टाइमटेबलातली वेळ, दुसऱ्यात गाडी खरोखर आली ती वेळ. तिसरीत असेल तेव्हा.

"पॅसेंजरला उशीर होतो हे अख्ख्या केडगावाला माहीत आहे. त्यात लिहायचं काय?" मी एकदा म्हणाले.

"किती होतो ते कुणालाच माहीत नाही, अम्मी."

मी दौंडच्या कॉलेजातून बी.ए. झालेली. मुलीनं डी.एड. करावं, जवळच्या शाळेत लागावं, एवढंच माझ्या मनात होतं. तिनं सिव्हिलचा डिप्लोमा घेतला. तिची फुफी, तहमीना, ऐकून म्हणाली, "भाभी, मिक्सर चालवायचा तर घरातला आहे की. त्याला तीन वर्षं कशाला शिकायचं?" सगळे हसले, बुशराही हसली. पण फॉर्म भरून आली.

दोन हजार चार साली ती एका बांधकाम कंपनीत लागली. ही कंपनी कारखान्यांच्या शेड आणि इमारती बांधायची. शिरूरजवळच्या एमआयडीसीत एका कारखान्याचं मोठं काम चालू होतं, तिथल्या साइटवर ती प्लॅनिंगला होती. सकाळी सहाची एस.टी., चौफुला, न्हावरा करत शिरूर, तिथून कंपनीची जीप. संध्याकाळी तसंच उलट. घरी यायला आठ वाजायचे. न्हावऱ्याच्या फाट्यावर गाडी चुकली तर नऊ. तोवर मी किती वेळा दारात जाऊन यायचे ते मोजलेलं नाही.

प्लॅनिंग म्हणजे काय, हे मला तिनं स्वयंपाकघरातच समजावलं होतं. कोणतं काम कुणाच्या मागून येतं, त्याला किती दिवस लागतात, आणि कोणत्या कामाला घाई करून चालत नाही. "बिर्याणीच्या दमाला अर्धा तास लागतो ना अम्मी? पाहुणे लवकर आले म्हणून तो दहा मिनिटांत होत नाही. स्लॅबचंही तसंच. ओतल्यावर चौदा दिवस खालचे टेकू काढायचे नाहीत. साहेब आले तरी नाही, मंत्री आले तरी नाही."

दोन हजार सहाच्या जानेवारीत पुण्याच्या मुख्य ऑफिसानं कामांची वेळापत्रकं करण्याचं एक नवं सॉफ्टवेअर आणायचं ठरवलं. तोवर बुशरा सगळं आलेखाच्या कागदावर आणि साध्या तक्त्यांत करायची. कंपनीच्या सहा साइट होत्या. पाच साइटनी हात वर केले, वेळ नाही म्हणाल्या. शिरूरच्या साइटवर बुशरा होती, म्हणून तपासणी तिच्याकडे आली. सोबत चाळीस प्रश्नांचा फॉर्म. प्रत्येकापुढे दोन चौकोन, होय आणि नाही. सगळे प्रश्न वेळेच्या अटींबद्दल. अमुक तारखेच्या आधी काम सुरू होऊ नये, अशी अट घालता येते का? अमुक तारखेला संपलंच पाहिजे, असं सांगता येतं का? वेगवेगळ्या टोळ्यांना वेगवेगळ्या सुट्ट्या देता येतात का? तिच्या फॉर्मवरून सहाही साइटचा निर्णय होणार होता.

ती तो फॉर्म घरी घेऊन यायची आणि मला विचारायची, जणू मी त्या खात्यात होते.

"अम्मी, ईद कोणत्या तारखेला घालू?"

"चांद दिसल्यावर."

"त्याला चांद नाही कळत. तारीख पाहिजे."

"मग दोन दिवस घाल."

"दोन घातले तर फराटे साहेब म्हणतील, तुमची ईद रबराची आहे का."

फराटे साहेब म्हणजे तिच्या साइटचे मुख्य इंजिनिअर. माणूस वाईट नव्हता. पुण्याहून फोन आला की उभा राहून बोलायचा, एवढंच.

साइटची सुट्टी गुरुवारची, कारण एमआयडीसीची सुट्टी गुरुवारची. दुपारी विजेचं भारनियमन, त्याचे तास दर महिन्याला बदलायचे. बिहारची फिटर मंडळी छटपूजेला जायची. बुशरानं हे सगळं एकेक करून त्या सॉफ्टवेअरात घातलं, ते घेतं की नाही पाहिलं, आणि फॉर्मवर टिक केली.

याच काळात तिच्या बोलण्यात आबा येऊ लागले. आबा हे सेंट्रिंगच्या टोळीचे मुकादम. स्लॅब ओतण्याआधी खाली जे टेकू आणि फळ्या उभ्या करतात आणि नंतर सोडवतात, ते त्यांचं काम. गाव कवठे येमाई. त्यांचे वडील मेंढरं घेऊन फिरायचे, आबांनीही तरुणपणी काही वर्षं तेच केलं, मग जमीन पाहिली, मग सेंट्रिंग. टोळीत सोळा माणसं, त्यांत बायको अनसाबाईसुद्धा. आबांना सही करता यायची, वाचता फारसं यायचं नाही. पण ऑफिसच्या भिंतीवर जो रंगीत पट्ट्यांचा तक्ता लावलेला असायचा, त्यातली निळी पट्टी म्हणजे आपलं काम, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

एक दिवस ते बुशराच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

"ताई, त्या मशिनीत आमच्या देवाची तारीख घातली का?"

"कुठला देव, आबा?"

"बिरदेव. चैत्रात यात्रा अस्ती. दरसाली साहेब म्हंतो, काम अडलं की तुमाला यात्रा सुचती व्हय? आवं, देव काय कवा बी उठतो का? त्यो तिथीवरच येतो."

"याला तिथी कळत नाही. तारीख सांगा."

"मंग तुमीच काढा की. शिकल्यालं मानूस हाय तुमी."

तिनं आमच्या शेजारच्या धुरपदाबाईंकडून पंचांग आणलं. मला घेऊन बसली. दोघींनी मिळून तिथीची तारीख काढली, आणि आबांच्या टोळीला दहा एप्रिलपासून पाच दिवस सुट्टी घातली. नवा तक्ता छापून भिंतीवर लावला. आबांनी निळ्या पट्टीवरून बोट फिरवलं. मधे पांढरी जागा आली तिथं थांबले.

"ह्यो पांढरा भाग देवाचा?"

"हो."

ते बाहेर जाऊन ओरडले, "बघा रं, कंपनीच्या कागदावर बिरदेव आला!"

अनसाबाई म्हणाल्या, "आला बाबा. आता देवाला बी गेटपास काढावा लागंल."

हे सांगताना बुशरा इतकी खूश होती की मला वाटलं, नोकरीचं काही वाईट नाही. त्या दिवसापासून आबा तिच्या कागदाला फार मानायला लागले. साहेब काही वेगळं बोलले तर म्हणायचे, "ताईच्या कागदावर बगतो." यात पुढे काय दडलं होतं, हे तिलाही कळलं नाही आणि मलाही नाही.

फेब्रुवारीत ती फॉर्मच्या सत्ताविसाव्या प्रश्नावर अडली. प्रश्न असा होता: घातलेली अट मोडली जात असेल, तर सॉफ्टवेअर सूचना देते का?

फराटे साहेबांनी एक तारीख पक्की करायला सांगितली होती. आबांची टोळी दहाला जाणार, म्हणून आठ एप्रिलला टेकू सोडवायला सुरुवात झालीच पाहिजे. बुशरानं ती तशी घातली. मग तपासायचं म्हणून तिनं स्लॅब ओतायचा दिवस मुद्दाम पाच दिवस पुढे ढकलून पाहिला. त्यामागची सगळी कामं पुढे सरकली. आठ एप्रिलची पट्टी जागची हलली नाही. स्लॅबचे चौदा दिवस संपायच्या आधीच टेकू निघताना दिसू लागले. पक्की तारीख सांगितली होती ना, मग सॉफ्टवेअरनं ती पाळली. पडद्यावर डाव्या कडेला मसुरीच्या दाण्याएवढी लाल खूण तेवढी उमटली.

तिनं तक्ता छापून पाहिला. कागदावर ती खूण नव्हती.

तिनं तीनदा छापलं. सॉफ्टवेअर विकणाऱ्यांना लिहिलं. त्यांचं उत्तर आलं, की ही सूचना नियोजन करणाऱ्याच्या पडद्यासाठी आहे, छपाईचा विचार पुढच्या आवृत्तीत करू.

"अम्मी, साइटवर कॉम्प्युटर एक आहे आणि तो माझ्या टेबलावर आहे. बाकी सगळे भिंतीवरचा कागद बघतात. मग सूचना मिळते म्हणू, की मिळत नाही म्हणू?"

फराटे साहेबांना विचारलं तर ते म्हणाले, "बुशरा, दोन चौकोन आहेत, एकात टिक कर. पुण्याला निबंध नकोय."

रात्रीचं जेवण झाल्यावर तिनं फॉर्म माझ्यापुढे ठेवला. मला त्या क्षणी एवढंच दिसलं, की मुलीची दोन वर्षांची नोकरी, साहेबांशी वाद, आणि घरात तिच्या लग्नाचं बोलणं सुरू झालेलं. मी म्हणाले, "पडद्यावर सूचना देतं ना? मग होयवर टिक कर. आणि तुझं जे म्हणणं आहे ते वेगळ्या पानावर लिहून जोड. खोटंही नाही झालं आणि वादही नाही झाला."

तिनं तसंच केलं. पान स्वच्छ अक्षरात लिहिलं, खाली सही केली, झेरॉक्स काढून ठेवली आणि मूळ पान फॉर्मला स्टेपल करून पाठवलं. मला माझ्या सल्ल्याचं समाधान वाटलं होतं.

मार्चच्या पंचवीस तारखेला स्लॅब ओतायला घेतला. निम्मा झाला आणि वीज गेली, जनरेटर बिघडला, पंप अडकला. उरलेला निम्मा ओतायला एकतीस मार्च उजाडली. म्हणजे पहिल्या भागाचे चौदा दिवस आठ एप्रिलला भरणार, दुसऱ्याचे चौदा एप्रिलला. बुशरानं हे सॉफ्टवेअरात भरलं. फेब्रुवारीत नुसतं तपासून पाहिलेलं आता खरोखर घडलं. पट्टी आठवरच उभी राहिली. ती पक्की तारीख काढून टाकायची तर परवानगी पुण्याची लागत होती, कारण तोच तक्ता कारखान्याच्या मालकांना गेला होता. तिनं दोनदा ई-मेल केला. उत्तर आलं नाही.

मग तिनं लाल पेन घेतलं आणि भिंतीवरच्या कागदावर, निळ्या पट्टीखाली, मोठ्या अक्षरात लिहिलं: भाग दोन, चौदा एप्रिलपर्यंत हात लावू नये. शेजारी मोठी फुली मारली, वाचता न येणाऱ्यालाही दिसेल अशी. आबांना बोलावून दाखवलं.

"आबा, लाल आहे तोवर दुसऱ्या भागाला हात लावायचा नाही."

"आन् आमी जाऊस्तवर न्हाई निगालं तर? साहेब जाऊ देईल का?"

"मी पुण्याला विचारलंय. त्यांनी दुसरा काही उपाय दिला, तर मी स्वतः हे लाल काढीन. तोवर नाही."

"बरं. लाल हाय तवर न्हाई."

त्याच आठवड्यात बारामतीहून निरोप आला. मुलगा आतिफ, पुण्यात बँकेत, घरचे चांगले. मुलाची आई आणि मामा बुशराला पाहायला येऊ म्हणत होते. दिवस शनिवार, आठ एप्रिल.

"अम्मी, गुरुवारी बोलाव ना. गुरुवारी साइट बंद असते."

"मुलाच्या मामांना गुरुवार जमत नाही."

"मग रविवार."

"रविवारी ते आणखी एका ठिकाणी जाणार आहेत. आधी तिकडे गेले आणि तिथंच जमलं तर?"

"शनिवारी टेकू सुटणार आहेत. मी तिथं असायला पाहिजे."

"टेकू तू सोडवणार आहेस का? तू कागदावर लिहून ठेवलंयस ना?"

ती म्हणाली, "हो. लिहिलंय." अयुब मला आत येऊन म्हणाले, "खुर्शिद, पोरीला जाऊ दे, पाहुणे संध्याकाळी आले तरी चालतील." मी ऐकलं नाही. मला वाटत होतं, दिवस हातातून निसटतायत. मुलीला चोवीस पूर्ण झाली होती.

शुक्रवारी ती पाचला साइटवरून निघाली, तेव्हा लाल फुली भिंतीवर होती. सहाच्या सुमाराला पुण्याहून मुख्य ऑफिसचे एक गृहस्थ आले. सोमवारी मालकांना नवं सॉफ्टवेअर दाखवायचं होतं. हातानं गिचमिड केलेला तक्ता त्यांना बरा वाटला नाही. त्यांनी तिथल्या तिथं ताजा छापून घेतला आणि भिंतीवर लावला. स्वच्छ, रंगीत, निळी पट्टी आठ तारखेला सुरू. जुना कागद गुंडाळून कपाटावर टाकला. बुशराला कुणी कळवलं नाही. कळवण्यासारखं काही घडलं आहे, असं कुणाला वाटलंच नसावं.

शनिवारी पाहुणे साडेदहाला आले. बुशराचा मोबाइल मी तिच्या हातातून काढून घेतला होता. "दोन तास तरी साइट बाजूला ठेव" म्हणाले, आणि फोन स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यावर ठेवला. मी सरबत करत असताना तो वाजला. अनोळखी नंबर होता. वाजून वाजून बंद झाला. पाच मिनिटांनी पुन्हा वाजला. बाहेर मुलाचे मामा काही बोलत होते, आवाज तिकडे जायला नको म्हणून मी लाल बटण दाबलं. तिसऱ्यांदा वाजला तेव्हाही दाबलं.

नंतर कळलं ते असं. आबांनी सकाळी भिंतीवर पाहिलं तर लाल नव्हतं. त्यांना वाटलं, पुण्याचं उत्तर आलं आणि ताईंनी लाल काढलं. तरी त्यांचं मन घेईना. त्यांनी फराटे साहेबांना विचारलं, "दुसरा तुकडा बी सोडवायचा का?" साहेब मालकांच्या भेटीच्या तयारीत होते. म्हणाले, "कागदावर काय आहे? मग मला काय विचारता?" तेव्हा आबा गेटवर गेले आणि वॉचमन भिमाच्या मोबाइलवरून बुशराला फोन लावला. तीनदा.

टेकू सोडवताना पहिला टेकू मुकादमानं स्वतः काढायचा, ही त्यांच्या टोळीची रीत होती. त्या दिवशी आबांनी सगळ्यांना, अनसाबाईंनाही, स्लॅबच्या सावलीबाहेर उभं केलं. पहिल्या भागाचे टेकू नीट निघाले. दुसऱ्या भागाचा पहिला निघाला. दुसरा काढताना स्लॅबची कड बसली, शेजारचे टेकू सटकले आणि फळ्यांसकट लोखंडी तुळई आबांच्या उजव्या पायावर आली.

पाहुणे तीन वाजता गेले. "कळवतो" म्हणाले. बुशरानं मोबाइल घेतला, नंबर पाहिला आणि उभ्या उभ्याच फोन लावला. भिमा बोलत होता. मला इकडून फक्त तिचं ऐकू येत होतं. "कोणता भाग? … कोणता भाग, भिमा?"

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी शिरूरच्या दवाखान्यात गेलो. मी मोसंबी घेतली होती, पिशवी कुठं ठेवावी ते कळेना. आबांचा पाय मांडीपासून बांधलेला. बुशराला बघून त्यांनी उठायचा प्रयत्न केला.

"पडा आबा, पडा."

"ताई, फोन लावला व्हता."

"मी घरी होते."

"व्हय, साहेब म्हनले. पावनं आलं व्हतं म्हनं. जमलं का?"

अनसाबाई स्टुलावरून ताडकन बोलल्या, "जमलं का काय इचारताय? हितं पाय गेला, आन् ह्यांना सोयरीक पायजे! मी म्हनत हुते, ऱ्हाऊ द्या, यात्रंवरनं आल्यावर बघू. तीनदा फोन लावला, उचलंना कुनी. तर म्हनले, लाल गेलंय न्हवं, ताई उगं काढायची न्हाई."

"खरंय की ते," आबा म्हणाले. "तुमी देवाची तारीख चुकवली न्हाई. मला वाटलं, ही कशी चुकंल?"

बुशरानं मान हलवली. तिनं सांगायला हवं होतं की लाल तिनं काढलं नव्हतं. तिनं ते सांगितलंही, पण इतक्या हळू की आबांना ऐकू गेलं नाही. पुन्हा सांगितलं नाही. मी पिशवी खाटेखाली सरकवली आणि अनसाबाईंच्या हाताला हात लावला. त्यांनी काढून घेतला नाही, धरलाही नाही.

पुढच्या आठवड्यात पुण्याहून तीन माणसं चौकशीला आली. त्यांच्यासमोर बुशराचा फॉर्म होता. सत्ताविसावा प्रश्न, होय, खाली तिची सही.

"सॉफ्टवेअर सूचना देतं, असं तुम्हीच लिहिलंय."

"सोबत पान जोडलं होतं. त्यात लिहिलंय, की छापील कागदावर ती येत नाही."

"आमच्याकडे असं पान नाही."

तिनं झेरॉक्स पुढे केली. त्यांनी वाचली. मग एकानं विचारलं, "पोच कुठाय?" पोच नव्हती. स्टेपल केलेल्या पानाची पोच कोण घेतं? फराटे साहेब तिथंच होते. पान जोडताना त्यांनी पाहिलं होतं. बुशरा त्यांच्याकडे बघत होती आणि ते समोरच्या चहाच्या कपाकडे. अहवालात आलं, की तक्ता बदलल्याची माहिती नियोजन विभागाने मुकादमास दिली नाही. नियोजन विभाग म्हणजे एकटी बुशरा. तिला कामावरून काढलं नाही, मेमो दिला.

बारामतीचा निरोप आलाच नाही. मला त्याचं काही वाटलं नाही, हे माझं मलाच नवल.

ते फोन कुणी कापले, हे बुशरानं मला आजवर विचारलेलं नाही. मोबाइलमध्ये एक नुसता वाजून गेला आणि दोन कापले, हे दिसतं म्हणे. मी दोनदा सांगायला गेले. एकदा ती कपड्यांना इस्त्री करत होती, एकदा एस.टी.ची वाट बघत होती. दोन्ही वेळा तिनं दुसरंच काही विचारलं आणि ते राहिलं. सांगून आबांचा पाय नीट होणार नव्हता, असं मी स्वतःला म्हणते. पण ते म्हणून झोप लागत नाही.

जूनमध्ये सहाही साइटना पत्र आलं. शिरूर साइटने केलेल्या तपासणीत चाळीसपैकी अडतीस प्रश्नांना होकारार्थी उत्तरं मिळाल्यानं सदर सॉफ्टवेअर सर्वत्र लागू करण्यात येत आहे. शेवटी तपासणी करणाऱ्या नियोजन अभियंता बुशरा यांचे आभार. तिनं पत्र दोनदा वाचलं आणि अब्बांकडे दिलं. मग आपल्या पानाच्या पाच झेरॉक्स काढून, पाचही साइटच्या पत्त्यावर रजिस्टर पोस्टानं पाठवल्या. या वेळी पोच घेतली. पाचही पोचपावत्या परत आल्या, कुणाच्या तरी सहीसकट. उत्तर एकाचंही नाही.

मी तिला नोकरी सोड म्हणाले. अयुबही म्हणाले. ती म्हणाली, "मी सोडली तर भिंतीवर कागद लागायचा थांबणार आहे का?"

आता ती प्रत्येक तक्ता छापल्यावर त्यावर हातानं लिहिते, रोज सकाळी जाऊन तोच कागद आहे का ते बघते, आणि टेकू सुटायच्या दिवशी स्वतः तिथं हजर असते. आबांच्या जागी त्यांच्या टोळीतला हौशीराम मुकादम झाला आहे. पहिला टेकू काढताना बाकी सगळे स्लॅबच्या सावलीबाहेर उभे राहतात. बुशरा राहत नाही. ती हौशीरामाशेजारी, आत, उभी असते. हे मला तिनं सांगितलेलं नाही. आबांना भेटायला मी कवठ्याला गेले होते, तेव्हा अनसाबाईंनी सांगितलं. म्हणाल्या, "तुमच्या पोरीला सांगा, असं करू नगं. आमी सांगून दमलो."

मी सांगू कशी? तिला घरी थांबवण्याचा माझा हक्क मी एकदा वापरला.

उद्या सकाळी शिरूरला तिसऱ्या शेडचे टेकू सुटणार आहेत. कपडे इस्त्री करून खुर्चीवर ठेवलेत, गजर साडेचारचा लावलाय. जेवताना तिनं सहज विचारलं, "अम्मी, उद्या घरी काही आहे का?"

"काही नाही," मी म्हणाले. "जा तू."